दोन आठवड्यांचा दौरा, आठ आठवड्यांची तालीम

पत्र:
मी महाविद्यालयात शिकवते. येत्या सत्रात आमच्या विभागातले 18 विद्यार्थी दोन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी जाणार आहेत. तिथल्या विद्यापीठात काही वर्ग, थोडं क्षेत्रकाम, बाकी भेटीगाठी. सोबत मी आणि एक तरुण सहकारी. 18 पैकी 14 जण विमानात पहिल्यांदाच बसणार आहेत. मागच्या तुकडीला आम्ही दोन तासांचं ओरिएंटेशन दिलं होतं, 12 पानी सूचनापत्रकही दिलं होतं. तरी तिथे पोचल्यावर प्रत्येक बारीकसारीक गोष्ट मलाच विचारली गेली. पाचव्या दिवसापासून एका खोलीतल्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. परत आल्यावर ‘काय शिकलात?’ असं विचारलं, तर ‘खूप मजा आली, तिकडचे लोक फार शिस्तीचे आहेत’ एवढंच उत्तर मिळालं. या वेळी हातात आठ आठवडे आहेत. तयारी कुठून सुरू करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर:
मॅडम,

तुमची ती 12 पानं मी पाहिलेली नाहीत, पण त्यांत काय असेल ते सांगू शकते, कारण तशी पानं मी स्वतः कित्येक वर्षं काढली आहेत. पासपोर्ट जपा. ग्रुप सोडू नका. वेळेवर या. महाविद्यालयाचं नाव राखा. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘कोणतीही अडचण आल्यास सोबतच्या शिक्षकांशी संपर्क साधावा.’ मुलांनी अख्ख्या पत्रकातली ती एकच ओळ मनावर घेतली, तर त्यांची काय चूक?

माझ्या पहिल्या दौऱ्यातली गोष्ट सांगते. गर्दीच्या एका स्टेशनवर गाडीचे दरवाजे लागले, तेव्हा आम्ही सगळे डब्यात आणि एक मुलगा फलाटावर. त्याचा फोन दुपारीच मान टाकून बसला होता. राहण्याच्या जागेचा पत्ता पत्रकात होता, सातव्या पानावर, आणि पत्रक त्याच्या सॅकमध्ये होतं. पण त्याला आठवत होती ती तिसऱ्या पानावरची सूचना: ‘चुकलात तर जागचे हलू नका.’ तो बिचारा तीन तास एकाच बाकावर बसून राहिला. आणि आम्ही? आम्ही त्याला पुढच्या स्टेशनवर शोधत होतो, कारण तो मागच्या गाडीने येईल असं आम्ही धरून चाललो होतो. मुलाने सूचना तंतोतंत पाळली आणि तरीही तो हरवला, कारण ‘चुकलेल्याने हलायचं नाही’ हे लिहिताना ‘मग मागे कोण येणार’ हे ठरवायचं राहिलं होतं. हे कागदावर ध्यानात येत नाही. एकदा करून पाहिलं असतं, तर पाच मिनिटांत आलं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की या वेळी ओरिएंटेशन देऊ नका, तालीम घ्या. जे जे तिथे करावं लागणार आहे, ते ते इथे एकदा मुलांकडून करवून घ्या, चुकू द्या, आणि चूक झाली की तिच्यावर बोला. वर्षभरासाठी जाणाऱ्या मुलाला तिथे चुकायला आणि सावरायला वेळ असतो. तुमच्या मुलांकडे 14 दिवस आहेत. त्यातले पहिले तीन-चार तर झोपेच्या भानगडीतच जातील.

छोट्या दौऱ्याची आणखी एक गंमत आहे, आणि तुम्हाला मिळालेल्या ‘लोक फार शिस्तीचे आहेत’ या उत्तराचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं. 1955 साली स्वेर्रे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या 200 देशबांधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले मजेत होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही रुळलेले होते, आणि मधल्या काळातले सगळ्यांत जास्त कावलेले होते. मधे खाली जाऊन पुन्हा वर येणारी ही वक्ररेषा सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना पहिलाच आठवडा सर्वांत जड जातो, हे पुढच्या अभ्यासांतून दिसलं. तरी तुमच्यापुरतं त्यातलं मर्म असं, की तुमच्या मुलांचा दौरा नव्या नवलाईतच संपणार आहे. कावण्याचा टप्पा येण्याआधीच ती परतीच्या विमानात असतील. आणि ज्याला अडचणच आली नाही, त्याला प्रश्नही पडत नाहीत. तो फोटो घेऊन येतो आणि एक ठाम मत घेऊन येतो. तुमची आठ आठवड्यांची मेहनत मुख्यतः त्या ठाम मताविरुद्ध आहे. पासपोर्ट-बॅगेचं काय, ते जमून जातं.

तरी सुरुवात पासपोर्टापासूनच करा, कारण मुलांच्या हातात काम सोपवायला ती सगळ्यांत सोयीची जागा आहे. कार्यालयातल्या कुणाकडून किंवा एजंटाकडून 18 अर्ज भरून घेऊ नका. एका खोलीत बसवून प्रत्येकाला स्वतःचा अर्ज भरू दे आणि शेजाऱ्याचा तपासू दे. नावाचं एक स्पेलिंग पासपोर्टवर, दुसरं गुणपत्रिकेवर, तिसरं विमानाच्या तिकिटावर, हे तिथेच उघडं पडतं. पासपोर्टची मुदत बघायला सांगा. बरेच देश प्रवासानंतर पुढे सहा महिने मुदत शिल्लक मागतात. युरोपातल्या, एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या शेंगेन देशांत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने लागतात, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. मग व्हिसा हातात आला की त्यावरचा प्रत्येक शब्द मोठ्याने वाचायला लावा. ‘सिंगल एंट्री’ म्हणजे काय, हे विचारा. शनिवार-रविवार सुट्टी बघून शेजारच्या देशात डोकावून यायची कल्पना कुणाच्या तरी सुपीक डोक्यात येतेच, आणि एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो हौशी प्रवासी बाहेर पडू शकतो, परत आत येऊ शकत नाही.

तारखा आणि वेळा हे वेगळं प्रकरण आहे, त्यावर अर्धा तास घालवा. 12 तारखेला 00:30 चं विमान म्हणजे विमानतळावर 11 तारखेच्या रात्री पोचायचं. हे सांगितल्यावर सगळे माना डोलावतात. म्हणून सांगू नका, विचारा. ‘घरातून कुठल्या वारी, किती वाजता निघाल?’ हे प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं. 18 पैकी दोन-तीन उत्तरं अंगावर काटा आणणारी निघतील. तसंच 05/06 म्हणजे कुठे 5 जून आणि अमेरिकेत 6 मे, हे अर्ज भरतानाच एकदा अनुभवून जाऊ दे.

आता तालमीचा गाभा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक दिवस काढा. मुलांच्या तीन-तीनच्या सहा तुकड्या करा, मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र येणार नाहीत अशा. प्रत्येक तुकडीला आपल्याच शहरातल्या अशा भागात पाठवा, जिथे त्यांच्यापैकी कुणी कधी गेलेलं नाही. जाताना फोनवरचा नकाशा बंद. कागदावरचा नकाशा चालेल, माणसांना विचारलेलं त्याहून चालेल. तिथे जाऊन तीन कामं करायची: एका अनोळखी माणसाशी दहा मिनिटं बोलायचं, एखाद्या सार्वजनिक जागी अर्धा तास नुसतं बसून जे दिसतं ते लिहायचं, आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी परत यायचं. मधेच एका तुकडीतल्या एकाला तुम्ही गुपचूप फोन करून ‘आता तू हरवलास, फोन बंद कर’ असं सांगायचं. मग गंमत बघा. बाकीचे दोघं काय करतात, कुणाला कळवतात, किती वेळाने कळवतात, आणि हरवलेला नेमका कुठे उभा राहतो. त्या संध्याकाळी मुलांनी स्वतः जो नियम काढला तोच दौऱ्याचा नियम. आमच्या पुढच्या एका तुकडीने काढलेला नियम असा होता: चुकलेला जिथे शेवटचं सगळ्यांना दिसला तिथे थांबेल, मागे तुकडीतला एकच जण सहकारी शिक्षकांबरोबर जाईल, बाकीचे पुढच्या थांब्यावर उतरून उभे राहतील, आणि तासाभरात भेट झाली नाही तर चुकलेल्याने राहण्याच्या जागी जायचं. त्या जागेचं नाव आणि पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेलं कार्ड प्रत्येकाच्या खिशात. सॅकमध्ये नाही, खिशात. त्याच कार्डाच्या मागे तिथला तातडीचा क्रमांक. युरोपीय संघात तो 112, अमेरिका आणि कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000. जपानमध्ये पोलिसांना 110, तर रुग्णवाहिकेला 119. घाबरलेल्या माणसाला फोनमधला नंबर शोधता येत नाही, म्हणून कागदच.

रस्ता ओलांडण्याचाही सराव होऊ शकतो, हसू नका. वाहनं जर आपल्या सवयीच्या उलट्या बाजूने धावत असतील, तर नजर आधी चुकीच्या दिशेला जाते. लंडनमध्ये रस्ता ओलांडण्याच्या कितीतरी ठिकाणी पायाखालीच ‘उजवीकडे पाहा’ असं रंगवलेलं आहे, ते हौस म्हणून नव्हे, तर आपल्या उलट, उजव्या बाजूच्या वाहतुकीची सवय असलेल्या पाहुण्यांसाठी.

अर्धा तास बसून लिहायचं जे काम सांगितलं, त्याकडे आता येते, कारण तुमच्या ‘काय शिकलात’ या प्रश्नाची तयारी तीच आहे. वहीच्या पानाचे तीन उभे भाग पाडायचे. पहिल्यात फक्त दिसलं-ऐकलं ते. दुसऱ्यात त्याचे होऊ शकतील ते अर्थ, किमान तीन. तिसऱ्यात मला काय वाटलं. आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणात ही वर्णन-अर्थ-मत पद्धत जुनी आहे आणि ऐकायला पोरकट वाटते. पण करून बघा, पहिला रकाना भरणं भल्याभल्यांना जमत नाही. ‘एक उद्धट माणूस आला’ असं लिहितात. उद्धट तिसऱ्या रकान्यात जातं, बाळ. पहिल्यात लिही की त्याने उत्तर देताना वर पाहिलं नाही.

हे तिथे कसं उपयोगी पडतं बघा. आम्ही एकदा गाडीच्या डब्यात होतो, मुलं नेहमीसारखी गप्पा मारत, हसत. समोरचे गृहस्थ उठले, बॅग उचलली आणि पलीकडच्या डब्यात जाऊन बसले. क्षणात डबा शांत. एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आपण त्यांना नकोसे झालो.’ रात्री वही उघडली. दिसलं काय? माणूस उठला, बॅग घेतली, पलीकडे बसला, आमच्याकडे पाहिलं नाही. अर्थ? त्याचं स्टेशन जवळ आलं असेल. त्याला फोन करायचा असेल आणि त्या डब्यात बोलायची रीत नसेल. आम्ही मोठ्याने बोलत होतो. मग एका मुलाला आठवलं, की अख्ख्या डब्यात आमच्याशिवाय कुणीच बोलत नव्हतं. ते पहिल्या रकान्यात हवं होतं आणि कुणीही लिहिलं नव्हतं. आणि हो, ‘आपण नकोसे झालो’ हाही अर्थ मी फळ्यावर राहू दिला. तो पुसू नका. रंगावरून, धर्मावरून, उच्चारावरून अपमान होतात, तुमच्याही एखाद्या मुलीचा होईल. ‘तुझा गैरसमज झाला असेल’ म्हणून तिला गप्प करणं हा दुसरा अपमान. असं काही झालं तर कुणाला सांगायचं, तिथून कसं निघायचं, सोबतच्यांनी काय करायचं, हे निघण्याआधी बोलून ठेवा. मुलींशी रात्रीच्या फिरण्याबद्दल आणि नको त्या लगटीबद्दल स्वतंत्र आणि स्पष्ट बोला, आणि मुलग्यांशीही तितक्याच स्पष्टपणे, लगट करणारे तेच असू शकतात हे धरून.

नुसतं गेल्याने मन मोठं होतं, असं आपण फार सहज मानतो. पूर्वग्रहांचा अभ्यास करणाऱ्या गॉर्डन ऑलपोर्टने 1954 सालीच मांडलं होतं, की दोन गट नुसते एकमेकांसमोर आले तर काही घडेलच असं नाही. बरोबरीचं नातं, समान उद्दिष्ट, एकत्र काम आणि वरच्यांचा पाठिंबा हे असेल तर पूर्वग्रह कमी होतात. तुमचा कार्यक्रम या कसोटीवर लावून बघा. तिथल्या विद्यार्थ्यांनी तुमच्या मुलांना परिसर दाखवला, समूहछायाचित्र झालं, भेटवस्तू दिल्या-घेतल्या, याला पाहुणचार म्हणतात. त्याऐवजी तिथल्या विभागाला आत्ताच लिहा, की दोन्हीकडच्या मुलांच्या मिश्र जोड्या करून एक छोटंसं काम देऊ या: एका बाजारपेठेची पाहणी, एका बसमार्गावरच्या प्रवाशांच्या मुलाखती, विषय तुमच्या विभागाला शोभेल तो. जोड्यांची ओळख जाण्याआधी दोनदा व्हिडिओ कॉलवर होऊ दे. पहिला कॉल अवघडलेला जातो, दुसऱ्यात बरं चालतं. अवघडलेपण इथेच उरकलं तर तिथले दोन दिवस वाचतात.

आणि मुलांनाही आपल्या देशाबद्दल विचारलं जाणार आहे, याची कल्पना त्यांना नसते. असं का करता, तसं का होतं, अमुक बातमी खरी का? दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात: एक तर राजदूत असल्यासारखं सगळं उत्तम म्हणून सांगायचं, नाही तर सगळ्यालाच नावं ठेवून मोकळं व्हायचं. वर्गात एकदा तुमचा सहकारी परका पाहुणा होऊन बसू दे आणि अडचणीचे प्रश्न विचारू दे. ‘माझ्या घरी असं आहे, इतरांकडे वेगळं असू शकतं’ आणि ‘मला नक्की माहीत नाही’ ही दोन वाक्यं जिभेवर रुळली तरी पुष्कळ.

त्या न बोलणाऱ्या दोघींबद्दल. भांडण कशावरून झालं ते तुम्ही लिहिलं नाही, पण पाचव्या दिवसापासून म्हणालात ना, मग कारण बहुधा झोप, पैसे किंवा बाथरूम यांपैकी एक असणार. शरीराचं घड्याळ एका कालपट्ट्याला (टाइम झोनला) साधारण एक दिवस या बेताने जुळतं, आणि पूर्वेकडे गेलं तर पश्चिमेपेक्षा जास्त त्रास देतं, कारण आपलं आतलं घड्याळ 24 तासांहून किंचित लांब आहे, त्याला दिवस लांबवणं सोपं, आखडणं अवघड. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत दुपारनंतर काहीही महत्त्वाचं ठेवू नका आणि मुलांना खोलीत कोंडून झोपवूही नका, उजेडात चालवा. खोल्या वाटताना मैत्री बघू नका, सवयी बघा. प्रत्येकाकडून चार ओळी लिहून घ्या: किती वाजता झोपतो, दिवा लागतो का, सकाळी किती वेळ लागतो, राग आला की बोलतो की गप्प बसतो. मग खोलीतल्या दोघींनी जाण्याआधी एकत्र बसून त्या एकमेकींना वाचून दाखवायच्या. जिवलग मैत्रिणींना हे वाचून दाखवायला सर्वांत जास्त लाज वाटते आणि सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते.

पैशाचं आपण कुजबुजून बोलतो. 18 जणांत कुणी सहज आलेला असेल, कुणाच्या घरच्यांनी कर्ज काढलं असेल. तिथे पोचल्यावर रोज संध्याकाळी ‘चला, बाहेर जेवू’ सुरू होतं, आणि दोघं-तिघं ‘भूक नाही’ म्हणून खोलीत बसतात. मी हे पाहिलंय. भूक असते. शुल्काच्या आकड्यात व्हिसा, विमा, तिथला रोजचा प्रवास, जेवण आणि हाताशी ठेवायची रक्कम हे सगळं धरून पूर्ण बेरीज पहिल्याच बैठकीत सांगा. सामूहिक म्हणून जे ठरेल ते सगळं आधी भरलेल्या पैशांतच बसलं पाहिजे. आणि भेटवस्तूंच्या खरेदीसाठी वेगळी दुपार राखू नका, त्या एका दुपारीच ही दरी सगळ्यांत जास्त दिसते. कार्डाचं मशीन ‘तुमच्या चलनात रक्कम घेऊ का?’ असं विचारेल तेव्हा नाही म्हणायचं, तिथल्याच चलनात द्यायचं. दुकानाच्या मशीनने लावलेला दर बहुधा महागात पडतो.

औषधांच्या बाबतीत मात्र माझा स्वभाव बदलतो आणि मी हुकूमशहा होते. प्रत्येक औषध मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव. तेही देशागणिक बदलतं: आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि जपानमध्ये अ‍ॅसिटामिनोफेन असतं, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. काही औषधं तर सरळ बेकायदा ठरतात. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामाइन असलेलं औषध डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत सूडोएफेड्रिनचं प्रमाण 10 टक्क्यांहून जास्त आहे, त्याही चालत नाहीत. तुम्ही जिथे जाणार त्या देशाच्या दूतावासाची यादी एका मुलाकडून काढून घ्या आणि त्यालाच वर्गात ती मांडायला सांगा.

मनाच्या आजारांवरची औषधं घेणारी मुलं हे लपवतात, कारण त्यांना वाटतं, सांगितलं तर नावच कापतील. म्हणून निवड पूर्ण झाल्यावर, जागा पक्की झाल्यावर, बंद लिफाफ्यात आरोग्याची माहिती मागा आणि ती फक्त तुम्ही दोघंच पाहाल हे लिहून द्या. पाळा. दौऱ्याचा ताण असतोच, त्यामुळे कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, हेही सांगा. ‘तिकडे छान वाटेल, लागणार नाही’ असं ठरवणारा एक तरी असतोच. विम्याची पॉलिसी वाचायची ती ‘काय मिळत नाही’ या पानापासून. भाड्याची स्कूटर, साहसी खेळ, दारू पिऊन झालेला अपघात, आधीपासूनचा आजार हे सारं बहुतेकदा त्याच पानावर असतं.

कायद्याचंही एकदा नीट सांगा, घाबरवण्यासाठी नव्हे. ‘काही झालं तर आपला दूतावास सोडवेल’ ही समजूत फार पसरलेली आहे. वकिलातींच्या कामाबद्दलच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमानुसार परदेशात अटक झालेल्याने मागणी केली, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी विनाविलंब त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवायचं असतं. वकिलातीचे लोक भेटू शकतात, वकील मिळवून द्यायला मदत करू शकतात. पण तिथला कायदा त्यांना बाजूला सारता येत नाही आणि दंड ते भरत नाहीत. मदत म्हणून कुणाची बॅग ‘जरा धरतो’ म्हणणारा आपला मुलगा मनाने चांगलाच असतो, पण विमानतळावर त्या चांगुलपणाला किंमत नाही.

बॅगेबद्दल एकच. पॉवरबँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. सहसा 100 वॅट-तासांपर्यंत परवानगीशिवाय चालते, म्हणजे नेहमीची 20,000 एमएएचची, जी सुमारे 74 वॅट-तास भरते, ती बसते. पण विमान कंपन्यांचे नियम अलीकडे कडक होत आहेत, तिकिटावरच्या कंपनीचा नियम वाचून घ्या. बाकी यादी मुलं एकमेकांना तुमच्यापेक्षा चांगली देतात. फक्त भरलेली बॅग घेऊन प्रत्येकाला चार मजले चढायला लावा, अर्धं सामान आपोआप घरी राहतं.

पालकांची बैठक एकदा घ्या आणि त्यांना एकच गोष्ट मागा: मुलांनी रोज ठरलेल्या वेळी एक संदेश पाठवायचा, आणि तो न आल्यास पालकांनी दोन तास थांबून तुमच्या सहकाऱ्याला कळवायचं, तुम्हाला नाही. दिवसभर चालू राहणारा व्हिडिओ कॉल हा घरच्यांच्या मायेचा भाग आहे हे मला कळतं, पण जे मूल प्रत्येक वळणावर आईला कॅमेरा दाखवत चालतं, ते त्या रस्त्यावर नसतंच.

तिथे गेल्यावर प्रत्येक गोष्ट तुम्हालाच विचारली जाऊ नये, यासाठी एक साधी युक्ती आहे. रोज एक तुकडी त्या दिवसाची कारभारी. गाडी कितीची, तिकीट कसं काढायचं, कुठे भेटायचं, जेवायचं कुठे, हे सगळं ती ठरवणार, बाकीच्यांनी तिलाच विचारायचं. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणायचं, ‘आज कारभारी कोण आहे?’ पहिल्या दिवशी तुमच्या डोळ्यांदेखत चुकीच्या गाडीत चढतील. चढू द्या. तुम्हीही चढा. फक्त त्या दिवशी कुणाची वेळ घेऊन ठेवलेली नसावी. सगळ्यांत अवघड तयारी ही तुमची आणि तुमच्या सहकाऱ्याची आहे: उत्तर येत असताना न देण्याची. इथल्या तालमीच्या दिवशीच ती करून पाहा. मला पहिल्या वेळी वीस मिनिटंही जमलं नव्हतं.

तुमच्या सहकाऱ्यासाठी एक ओळ. तुम्ही आजारी पडलात तर सगळा दौरा त्याने चालवायचा आहे. तेव्हा सगळ्या कागदांच्या प्रती, सगळे संपर्क आणि पैसे खर्च करण्याचा अधिकार हे त्याच्याकडेही लेखी असू द्या. संस्थेच्या कार्यालयातून ही मंजुरी यायला आठ आठवडे पुरतात, दोन पुरत नाहीत. त्यामुळे उद्याच अर्ज टाका.

रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं वही. जास्त नको, मुलं थकलेली असतात. प्रत्येकाने दिवसातला एकच प्रसंग वाचायचा, पहिल्या रकान्यापासून. आणि परतल्यावरच्या बैठकीची तारीख जाण्याआधीच ठरवा, परतल्यापासून तीन आठवड्यांनी. लगेच ठेवली तर सगळे फोटो दाखवतात. तीन आठवड्यांत घरच्यांचा ऐकण्याचा उत्साह संपलेला असतो आणि ज्याला खरंच काही सांगायचं असतं, त्याच्या मनात ते रुतून बसलेलं असतं. त्या बैठकीत ‘काय शिकलात’ विचारू नका. तालमीच्या दिवशी आपल्याच शहरात बसून लिहिलेलं पान आणि तिथे शेवटच्या दिवशी लिहिलेलं पान, अशी दोन्ही समोर ठेवायला सांगा, आणि कुठल्या रकान्यात जास्त मजकूर आहे ते मोजू द्या.